ज्याले काही लागत नाही

देवाची बाजू घेऊन देवाच्याच भक्तांशी उभा जन्म भांडलेला माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात शोधला तर एकच निघेल, आणि तो नेमका आमच्या घराण्याला जावई म्हणून मिळाला. माझे भाटवे. भाटवे म्हणजे बहिणीचे यजमान. पुण्याकडची माणसे ज्यांना भाऊजी म्हणून मोकळी होतात ते. त्यांना नास्तिक म्हणावे, तर सकाळी आंघोळ करून पोथीचे पान उलटल्याशिवाय ते पाण्याचा घोट घेत नसत. आस्तिक म्हणावे, तर गावच्या महादेवाच्या पायरीवर हात मागे बांधून उभे राहत आणि नारळ, उदबत्ती, बेल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला अडवून विचारत, "काय आनलं? कोनासाठी आनलं? त्यानं मांगतलं होतं काय?" माणसे हसून बाजूने निघून जात. एका महाशिवरात्रीला मात्र एक म्हातारी थांबली आणि म्हणाली, "त्यानं तं तुले बी नाही मांगतलं रे बापा, तरी तू रोज येऊन उभा राह्यते ना?" भाटवे म्हणाले, "मी काही आनत नाही." म्हातारी म्हणाली, "तेच तं," आणि आत जाऊन नारळ फोडून आली, जाता जाता खोबऱ्याचा एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवून गेली. तो तुकडा आपण कावळ्याला टाकला असे भाटवे शेवटपर्यंत सांगत. ताई सांगायची, खाल्ला.

त्यांचे सगळे तत्त्वज्ञान एका शब्दावर उभे होते, आणि तो शब्द म्हणजे पूर्णकाम. देव आपल्या जागी काठोकाठ भरलेला आहे. त्याला भूक नाही, तहान नाही, झोप नाही, करमत नाही असे कधी होत नाही. त्याला काही मिळवायचे उरलेले नाही आणि कोणी काही दिले तर ते ठेवायला त्याच्यात जागाही उरलेली नाही. हे सगळे पोथ्यांत आहेच. पण पोथीत वाचून माणूस मान डोलावतो आणि प्रसादाकडे वळतो, तसे भाटव्यांचे झाले नाही. त्यांनी ते खरे मानले. हा त्यांचा विक्षिप्तपणा. तुमसरच्या बसस्टँडवर, धानाच्या बांधीत, लग्नाच्या पंगतीत, जिथे दोन माणसे ऐकायला सापडतील तिथे ते देवाची भरलेली कोठी उघडून दाखवत. गावातल्या एकाची म्हैस मरता मरता वाचली, म्हणून त्याने देवळात पितळी घंटा बांधली. भाटवे घंटेखाली उभे राहून त्याला म्हणाले, "काहून बा, देव काय बहिरा हाये?" तो बिचारा म्हणाला, "नाही जी, म्हशीसाठी बांधली." यावर भाटवे दोन दिवस चिडलेले होते. श्रावणात पोथी वाचायला बसले, आणि नैवेद्याचा उल्लेख आला रे आला की पोथीवर बोट ठेवून थांबत आणि देवाला नैवेद्य का लागत नाही याचा खुलासा सुरू करीत. तो खुलासा इतका चाले, की शेजारी झाकून ठेवलेली खीर थंडगार होऊन तिच्यावर साय धरे. लोक त्यांना वाचायला बसवत, कारण गावात त्यांच्यासारखा खणखणीत आवाज दुसरा नव्हता. आणि पोथीला येताना घरून दोन घास खाऊन येत.

बरे, हे सगळे देवापुरते राहते तर कोणाचे काही बिघडत नव्हते. पण ज्याची भक्ती करावी त्याच्यासारखे व्हावे, असे कुठेसे त्यांनी वाचले होते, आणि तेही खरे मानले होते. त्यामुळे दुसऱ्यासाठी हा माणूस वाटेल ते करी. कोणाच्या घरी अडलेली बाळंतीण असली तर बंडी जुंपून पवनीला नेई, कोणाचे अर्ज लिहून देई, कोणाच्या धानाच्या रोवण्याला हात कमी पडले तर स्वतः चिखलात उतरे. पण कोणाकडून काही घेणे म्हणजे त्यांना पाप वाटे. "मले काही लागत नाही" हे वाक्य त्यांनी जितक्या वेळा उच्चारले तितक्या वेळा देवाचे नावही घेतले नसेल. एका धोंड्याच्या महिन्यात आमच्या आईने त्यांना तुमसरला आमच्या घरी जेवायला बोलावले. अधिक महिन्यात जावयाला अनारसे द्यायचे, ही रीत. आईने आठ दिवस तांदूळ भिजवून, कुटून, मोजून तेहतीस अनारसे तळले आणि ताटात रचून त्यांच्यापुढे ठेवले. भाटव्यांनी हात जोडले. "आई, मले काही लागत नाही." आई म्हणाली, "लागत नाही तरी घ्या." ते म्हणाले, "लागत नाही ते घेतलं तं ते खोटं झालं." आई ताट घेऊन आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी बायकोकरवी चौकशी केली तेव्हा कळले, ती चुलीपुढे बसून रडत होती. ताईने गुपचूप ते अनारसे पिशवीत भरून घेतले. तुमसर ते पवनी या प्रवासात भाटव्यांनी त्यातले अकरा खाल्ले, हे मला ताईनेच पुढे हसत सांगितले. पिशवीतून ताईने काढून दिले, म्हणजे ते कोणाचे दिलेले नव्हते, आपलेच होते.

इथे त्यांच्या हिशेबात एक गंमत होती, आणि ती त्यांना सोडून सगळ्यांना दिसे. त्यांच्या स्वयंपूर्णतेत ताई धरलेली असे. आंघोळीचे पाणी तापलेले असे, धोतराची घडी खुंटीवर असे, चष्मा हरवला की तो सापडलेला असे. "मले कोनाची गरज पडत नाही, साळेबाबू," असे ते मला सांगत, तेव्हा ताई त्यांच्या ताटात त्यांनी न मागितलेली मिरचीची चटणी वाढत असे. मी ताईकडे बघून भुवई उडवली, तर ती पदर तोंडाला लावून आत जाई. तिला त्या माणसाचा राग कधी आला नाही. आला असता तर बरे झाले असते, असे मला आता वाटते.

ताईचे स्वतःचे एकच वेड होते. लग्न होऊन पवनीजवळच्या त्यांच्या गावात गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी तांब्याचा गडवा भरून नदीकाठच्या महादेवाला जाई आणि पिंडीवर पाणी ओती. मंत्र नाही, स्तोत्र नाही, मागणे नाही. पाणी ओतायचे, पिंडीवरचे कालचे बेलपान काढायचे, पदराने कड पुसायची आणि परत यायचे. ही पिंड स्वयंभू होती; कोणी घडवलेली नाही, कोणी बसवलेली नाही, जमिनीतून आपोआप वर आलेली. भाटवे तिला रोज चिडवत. "त्याच्या जटेत गंगा, पायाशी वैनगंगा, अन् हे निघाली गडवा घेऊन! त्याले पान्याची कमी हाये काय?" ताई म्हणे, "नाही जी," आणि जाई. लेक झाली तेव्हाचा सव्वा महिना आणि एकदा पाय मोडला तेव्हाचे काही दिवस सोडले, तर तिचा नेम कधी चुकला नाही. लेक नागपूरला दिल्यावर तर ती देवळात जरा जास्तच रेंगाळू लागली. मी एकदा विचारले, "ताई, तू तिथं करते तरी काय इतका वेळ?" ती म्हणाली, "काही नाही भाऊ. बसतो. त्याच्याजवळ मले बरं वाटते."

मग गोसीखुर्द धरणाचे पाणी आले. म्हणजे एका दिवसात आले नाही. आधी बरीच वर्षे येणार येणार म्हणून आले नाही, इतके की लोकांनी नवी न्हाणीघरे बांधून घेतली, आणि मग खरोखर आले. गाव उठणार हे पक्के झाले तेव्हा देवळापुढे सभा भरली. आसपासच्या गावांनी आपापले देव विधी करून उठवले होते, ट्रॅक्टरवर बसवून, पुढे डफ लावून नव्या गावाला नेले होते. इथेही पवनीहून गुरुजी आणायचे ठरत आले होते. पिंड जमिनीतली, किती खोल गेली आहे कोणास ठाऊक, पण खणून बघू, नाही निघाली तर वरचा भाग तरी नेऊ, असे बोलणे चालले होते. तेवढ्यात भाटवे उभे राहिले. मी त्या दिवशी तिथे होतो. त्यांचा तो खणखणीत आवाज मी इतका चांगला लागलेला कधी ऐकला नव्हता.

"स्वयंभू म्हन्जे काय?" त्यांनी सुरुवात केली. "ज्याले कोनी आनलं नाही. मंग ज्याले कोनी आनलं नाही, त्याले नेनारे आपन कोन? तो काय तुमच्या-माझ्यासारखा प्रकल्पग्रस्त हाये? त्याले काय नव्या गावात प्लॉट पाह्यजे? आपल्याले घर लागते, आपल्याले रोड लागते, नळ लागते. त्याले काय लागते? पानी आलं तं पान्यात राहीन. पानी बी त्याचंच हाये." असे ते बोलत गेले. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. शेवटी सरपंच म्हणाले, "मंग राहू द्या. गुरुजी म्हन्ते ते बरोबर हाये." गुरुजी म्हणजे आमचे भाटवे, पोथी वाचतात म्हणून. आता मला वाटते, लोकांना पटले वगैरे काही नव्हते. लोक थकले होते. घरे उसकटायची होती, धान हलवायचे होते, आणि एक काम कोणी कमी करून दिले तर ते हवेच होते. बायका मागे उभ्या होत्या. ताई त्यांच्यात होती. बायकांना तिथे कोणी विचारतही नव्हते.

पुढच्या महिनाभरात गावाने दारे नेली, खिडक्या नेल्या, छपरांवरचे कवेलू नेले, चौकटीच्या विटा खरवडून नेल्या. एकाने विहिरीचा रहाट नेला, एकाने शाळेच्या भिंतीवरचा फळा. म्हशीसाठी बांधलेली ती घंटासुद्धा ज्याची होती तो सोडून घेऊन गेला. देव तेवढा राहिला. ताई शेवटच्या सकाळपर्यंत पाणी ओतत होती. त्या सकाळी नदी देवळाच्या खालच्या पायरीला लागली होती.

नवे गाव तुम्ही पाहिले असेल. असे कोणतेही एक पाहिले की सगळी पाहिल्यासारखी. सरळ आखलेले रस्ते, सारखे प्लॉट, आणि सावली नाही. तिथल्या पहिल्या सकाळी मी होतो. सामान लावायला सुट्टी काढून गेलो होतो. ताई आंघोळ करून उठली आणि सवयीने गडवा भरून बाहेर पडली. भाटवे ओसरीवर पोथी उघडून बसले होते. आम्ही दोघांनी तिला सरळ रस्त्याने जाताना पाहिले. रस्ता संपला तिथे ती उभी राहिली. थोड्या वेळाने परत आली. गडवा भरलेलाच होता.

"काहून, वापस आनलं?" भाटवे म्हणाले.

"कोठं वतू जी?" ताई म्हणाली.

भाटवे काहीतरी बोलणार होते, बहुतेक त्यांचे नेहमीचेच. पण ताईने त्यांना बोलू दिले नाही, आणि असे तिने संसारात पहिल्यांदाच केले असेल. ती अगदी हळू म्हणाली, "त्याले माझ्या पान्याची गरज नव्हती, हे मले बी मालूम होतं. तुमी सांगाची काही गरज नव्हती. मले होती ना जी." एवढे बोलून ती आत गेली आणि गडव्यातले पाणी तिने कणिक मळायला वापरले. भाटव्यांनी पोथीचे पान उलटले. मग तेच पान मागे उलटले.

नव्या गावात वर्गणी करून लोकांनी नवे देऊळ बांधले, पांढऱ्या फरशीचे, आणि त्यात निळ्या गळ्याची, हसऱ्या तोंडाची मूर्ती आणून बसवली. ताई एकदा जाऊन आली. मला म्हणाली, "चांगला हाये. पन मले वळखत नाही." परत गेली नाही. तिने कोणावर राग धरला नाही, रुसली नाही, स्वयंपाक चुकवला नाही. फक्त तिचे हवे-नको संपत गेले. पूर्वी मी तुमसरहून निघणार असलो, की तिचा फोन यायचा आणि यादी सुरू व्हायची. लोणच्याचा मसाला आण, त्या अमुक दुकानातल्या हिरव्या बांगड्या आण, वहिनीला विचारून पापडखार आण, आणि मागच्या वेळची चिवड्याची पुडी शिळी होती ती दुकानदाराच्या तोंडावर मारून ये. यादी ऐकून मी वैतागायचो. मग यादी लहान झाली. मग एके दिवशी मीच फोन करून विचारले, "ताई, काय आणू?" तर ती म्हणाली, "काही नाही लागत भाऊ." मी तेव्हा पोस्टात, माझ्या नोकरीच्या जागी, टेबलाशी उभा होतो. मला त्या वाक्याची इतकी भीती वाटली, की मी बाजूच्या माणसाचा शिक्का उगाच उचलून पाहत राहिलो.

भंडाऱ्याला डॉक्टरला दाखवले. रक्त तपासले, छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, तसे मोठे काही नाही, अशक्तपणा आहे, खायला घाला. पण खायला घालायचे कसे? भाटवे, ज्यांनी कधी कोणाला "काय पाहिजे?" असे विचारले नव्हते, ते आता दिवसभर ताईच्या खाटेभोवती फिरून तेच विचारू लागले. "नवं पातळ आनू काय? केळं आनू? पंखा लावू? पोरीले बोलावू?" ताईचे उत्तर ठरलेले. "नाही जी. मले काही नाही लागत." ती हे इतक्या शांतपणे म्हणे, की त्यात बोट शिरकवायला फट नसे. एकदा ते पवनीच्या बाजारात जाऊन स्वतः निवडून जरीचे लुगडे घेऊन आले. असला रंग ताईने तरुणपणीही नेसला नसता. तिने त्यावरून हात फिरवला, "चांगलं हाये जी," म्हणाली, आणि लेकीसाठी ठेवून द्या म्हणाली.

मग त्यांनी अर्ज लिहिला. गावभराचे अर्ज लिहून दिलेला माणूस, त्याने स्वतःसाठी लिहिलेला हा पहिला. धरणाच्या मोठ्या साहेबांना विनंती होती, की एका दिवसापुरते दरवाजे उघडून पाणी खाली करावे, म्हणजे आम्ही आमचा देव काढून घेऊ. संध्याकाळपर्यंत काम आटोपेल, मग खुशाल बंद करावे. मी पोस्टातला म्हणून रजिस्टर करायला माझ्याकडे आणला आणि मोठ्याने वाचून दाखवला. आणि मी मूर्खासारखा बोललो. इतक्या वर्षांचा साळा-भाटव्यांचा थट्टेचा सराव. जिभेवर ताबा राहिला नाही. म्हणालो, "काहून जी, तो तं पूर्णकाम हाये ना? पान्यात राहीन म्हनत होते तुमी." भाटव्यांनी माझ्याकडे पाहिले. कागदाची घडी घातली, घडीची आणखी घडी घातली, आणि खिशात ठेवून दिला. तो अर्ज कधी गेला नाही. गेला असता तरी काय होणार होते, हे मला कळते. तरी तो टोमणा मला अजून बोचतो.

त्यानंतर एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतले आणि आम्ही पाण्यावर गेलो. त्यांच्या जुन्या गावचा एक ढिवर आता त्याच पाण्यात मासे धरतो. त्याच्या डोंग्यात बसलो. भाटव्यांच्या मांडीवर ताईचा गडवा होता, नव्या गावच्या नळाचे पाणी भरलेला, आणि डोंगा हलला की ते दोन्ही हातांनी तो झाकत. ढिवराने एका वाळलेल्या झाडाचा शेंडा आणि पलीकडच्या टेकडीची सोंड एका रेषेत आणली आणि डोंगा थांबवला. "इथं, काकाजी. खाली देऊळ हाये." खाली काही दिसत नव्हते. हिरवट, जाड, न हलणारे पाणी. भाटवे ओणवे झाले आणि हळूहळू, धार न तोडता, गडवा त्या पाण्यात ओतू लागले. ढिवराला राहवले नाही. तो म्हणाला, "काकाजी, डोंगरभर पानी हाये ना त्याच्या डोक्शावर. आनखी कायले?"

भाटवे म्हणाले, "हे तुह्या काकीचं हाये."

ढिवराने डोक्याचे फडके काढून हातात धरले. मी दुसरीकडे पाहत राहिलो. परत येताना किनारा जवळ आल्यावर भाटवे रिकाम्या गडव्याकडे बघत म्हणाले, "साळेबाबू, देवाले काही लागत नाही म्हनत होतो तं किती चांगलं वाटे. छाती फुगे. आता घरात तसं मानूस हाये. ज्याले काहीच लागत नाही, त्याच्याजवळ बसावं तरी कसं? हात रिकामे घेऊन कितीक वेळ बसावं?" पोथी त्यांनी वाचलेली, मी नाही.

घरी जाऊन त्यांनी ताईला सांगितले, "वतून आलो. बरोबर त्याच्यावरच." ताई म्हणाली, "बरं केलं जी." आणि भिंतीकडे कुशीवर वळली. भाटव्यांना आणखी काही ऐकायचे होते. ते खाटेशी उभेच राहिले. त्यांच्या डोळ्यांतून आशेचा शेवटचा कण निघून गेलेला मी पाहिला, आणि एवढ्या बडबड्या माणसाच्या तोंडावर ते बघणे फार कठीण होते.

ताई गेली त्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट सांगतो आणि थांबतो. मी सकाळच्या गाडीने पोचलो होतो. शेजारच्या बाईने आणलेली पेज ताईने परत पाठवली होती, दोन दिवस पोटात काही नव्हते. भाटवे मला म्हणाले, "तू बस इथं," आणि स्वयंपाकघरात गेले. आतून एकामागून एक भांडी पडल्याचे आवाज आले. तांदळाचा डबा कोणता हे विचारायला ते दोनदा दारात आले आणि न विचारताच परत गेले. जळकट वास आला. ताईने डोळे न उघडता मला विचारले, "काय करून राहिले ते?" मी म्हणालो, "पेज." तिच्या कपाळावर एक बारीकशी आठी पडली, जुन्या दिवसांसारखी, आणि गेली.

भाटवे वाटी घेऊन आले. पेज करपलेली होती, तिच्यात काळे कण तरंगत होते, आणि त्यांच्या हाताला भाजल्याचा फोड आला होता. त्यांनी चमचा ताईच्या ओठांशी नेला.

"नको जी," ताई म्हणाली. "मले नाही लागत."

"मालूम हाये," भाटवे म्हणाले. त्यांचा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोणास ठाऊक. "तुले नाही लागत. मले पाजाचं हाये."

ताईने डोळे उघडले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की चमचा कलला आणि थोडी पेज तिच्या गळ्यावर सांडली. ती त्यांनी आपल्या धोतराच्या सोग्याने पुसली. मग तिने तोंड उघडले आणि तो घोट घेतला. तिला तो नको होता हे मला दिसत होते. गळ्यातून खाली उतरवायलासुद्धा तिला कष्ट पडत होते.

"झालं तुमचं समाधान?" ती म्हणाली.

"नाही," भाटवे म्हणाले. "आनखी एक."

ताई किंचित हसली, आणि तिने पुन्हा तोंड उघडले.